पाचवं कार्ड

२००३ सालची गोष्ट. कोरियातल्या मासानच्या मासळी बाजाराला त्या दिवशी सुट्टी होती आणि भिशीच्या बाराजणी जेवणघरात बुटक्या मेजांभोवती बसल्या होत्या. ज्या महिन्यात जिला पाकीट मिळेल, तिने त्या दिवशी सगळ्यांना भाजलेली वाम खाऊ घालायची, ही रीत. एप्रिलचं पाकीट कोळंबीवाल्या मालसूनचं होतं. तिने थंड शेवयांचे बारा वाडगे मागवले.

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

त्या वर्षी कोणाचा कोणावर भरवसा नव्हता. एका कार्डाचं देणं दुसऱ्या कार्डाने फेडता फेडता निम्मा बाजार बुडाला होता. मागच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतली एक बाई भिशीचे पैसे घेऊन नाहीशी झाली होती. कुकरमध्ये भात तसाच होता. आणि मालसूनची पाळी खरं तर डिसेंबरात होती. एप्रिलची पाळी असलेल्या मीरानच्या हातापाया पडून तिने तो महिना मागून घेतला होता.

वाळल्या मासळीवाल्या दकजाने कात्रीने वाडग्यातल्या शेवया कापल्या आणि मालसूनकडे पाहिलं. "तेसूची आई, किमची मुरवायचा फ्रिज विकलास म्हणे. घेऊन दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत."

"विकला."

"फोन बंद केलास. पोराची शिकवणी बंद केलीस."

"केली."

"गाव सोडून जाणारं माणूस याहून वेगळं काय करतं गं?"

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. मालसूनने वाडगा बाजूला सारला, पर्समधून चार कार्डं काढली आणि मेजावर ओळीने मांडली.

"यांच्यासाठी विकला. फ्रिजच्या पैशात हे पहिलं मिटलं. पाकिटात उरलेली तीन मिटतात. मग डिसेंबरपर्यंत फक्त तुमचा हप्ता. महिन्याला तीन लाख वॉन, बाकी कोणाचं काही नाही."

तिने दकजाच्या हातातली कात्री घेतली आणि चारही कार्डं कापली. चौथं कापायला जरा जोर लागला.

"चार कशी?" मीरान म्हणाली. दोन वर्षांपूर्वी ती बाजाराच्या दाराशी छत्री लावून कार्डं खपवायची. प्रत्येक कार्डामागे एक पातेलं फुकट. "मी तुला पाच दिली होती. पातेली पाच नेलीस, मीच बांधून दिली."

"मग पाचवं कुठाय?" दकजा म्हणाली.

मालसून कापलेल्या कार्डांचे तुकडे गोळा करू लागली.

"हरवलं असेल तर हरवलं म्हण. घरी असेल तर घरी आहे म्हण. का वाटखर्चाला ठेवलंयस?"

मालसून वाडग्याकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते. पंचवीस तारखेला तिन्ही कार्डांची मुदत संपत होती. त्यानंतर घरातल्या कपाटावर, टीव्हीवर, पोराच्या टेबलावर जप्तीच्या लाल चिठ्ठ्या लागणार, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

"गुमोकताई, पाकीट देऊ नका," दकजा म्हणाली. तीन-चार माना हलल्या.

भिशी चालवणाऱ्या गुमोकताई साठीच्या पुढच्या. सगळ्यांचे हप्ते त्याच घरोघर जाऊन गोळा करायच्या. मांडीवरचं पाकीट त्यांनी मेजावर ठेवलं. मग कमरेच्या बटव्यातून एक कार्ड काढून त्याच्या शेजारी ठेवलं. त्याच्यावर मालसूनचं नाव होतं.

दकजाने पुढे वाकून ते नाव वाचलं.

"ताई, हिचं कार्ड तुमच्याकडे?" दकजाने हळूच विचारलं.

"फेब्रुवारीत आणि मार्चमध्ये तुमच्यातल्या तिघींनी हप्ता दिला नाही. पाकीट मात्र दोन्ही वेळा पूर्ण होतं. ते कुठून आलं असं वाटलं तुम्हाला?" गुमोकताईंचा आवाज चढला नव्हता. "मला बँक आता दारात उभं करत नाही. म्हणून हिच्या कार्डावर अठरा लाख उचलले. कोणाला सांगू नकोस म्हटलं, भिशी मोडेल. तिने नाही सांगितलं. तुम्ही एवढं बोललात तरी नाही."

"कोण तिघी?" मीरानने विचारलं.

"त्यांना माहीत आहे."

बाकीच्यांनी एकमेकींच्या तोंडाकडे पाहिलं, मग सगळ्या एकदमच जेवायला लागल्या. गुमोकताईंनी पाकीट मालसूनकडे सरकवलं. तिने ते न मोजता पर्समध्ये घातलं, पाचवं कार्ड कापलं आणि उठून जेवणाचे पैसे द्यायला गेली.

मालसूनने डिसेंबरपर्यंत एकही हप्ता चुकवला नाही. त्यानंतर ती कुठल्याच भिशीत शिरली नाही, आणि कार्ड तर तिने पुन्हा हातात धरलं नाही. मीरान बुसानला गेली. तिथे विमा विकते. दकजाचा गाळा पुढच्याच वर्षी गेला. ती मालसूनकडून कोळंबी घ्यायची, कधी घासाघीस करायची नाही. मालसून बरोबर तोलून द्यायची, मूठभरही वर घालायची नाही.

गुमोकताईंनी पाच हिवाळे कालवं सोलून ते अठरा लाख फेडले. नावं कोणाला सांगितली नाहीत. २०११ च्या थंडीत त्या गेल्या.

त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी दाराशी, लोक दुखवट्याच्या पैशांची पाकिटं टाकत त्या पेटीपाशी, वहीत नावं लिहायला मालसून बसली होती. संध्याकाळी गुमोकताईंचा मुलगा पेटी उघडून तिच्याशेजारी बसला. पाकिटामागे देणाऱ्याचं नाव असतंच. दोन पाकिटांवर ते नव्हतं. दोन्हींत सहा-सहा लाख निघाले.

"मावशी, एवढी मोठी रक्कम कोणाची असेल?"

आत भिशीतल्या जुन्या बायका ओळीने बसून मटणाचा तिखट रस्सा पीत होत्या. मालसूनने एकेकीकडे पाहिलं.

"दोनच आहेत का?" ती म्हणाली. "पेटीत नीट बघ."