बोलणाऱ्यांची नावं

छडी अश्विनच्या तळहातावर सपकन बसली आणि हॉलभर शिट्ट्या वाजल्या. चव्वेचाळीस वर्षांचा अश्विन हात झटकत, दात काढत शूटिंग चाललेल्या मोबाईलकडे वळला. "सरांनी तेव्हा बडवलं म्हणून आज कंपनीत जीएम आहे. थँक्यू सर."

टाळ्या. पुढचा.

शिरवण्यातल्या हॉलमध्ये रणजीतने पुन्हा शाळा भरवली होती. बाकडी, घंटा, फळा, खडू, सगळं आणलेलं. त्याचे डंपर चालतात, त्याला काय कमी. शहात्तर वर्षांच्या जगदाळे सरांसाठी त्याने चांदीच्या मुठीची छडी करून घेतली होती. दहावी ब, सत्त्याण्णवची बॅच. एकेक जण पुढे येऊन त्या छडीचा प्रसाद घेत होता आणि मारामुळे आपण कसे घडलो ते सांगत होता. फळ्यावर रणजीतनेच गंमत म्हणून लिहिलं होतं: बोलणाऱ्यांची नावं. १. धर्मराज.

माइक शुभदाच्या हातात होता. तेव्हाची मॉनिटर, आता बँकेत मॅनेजर. फळ्याकडे बघायचं ती टाळत होती. दहावीत त्या दिवशी हे नाव तिनेच लिहिलं होतं. बोलली होती ती स्वतः. सर दारातून ओरडत आले, तिच्या हातात खडू होता, आणि शेवटच्या बाकावरचा धर्मराज तिला सगळ्यात सोपा वाटला. सरांनी त्याच्या कानाखाली एकच ठेवून दिली. डाव्या कानातून रक्त कॉलरपर्यंत आलं. मधल्या सुट्टीत शुभदाने डबा खाल्ला होता.

आज त्याला सांगायचं, असं ठरवून ती आली होती. सकाळपासून तीनदा त्याच्याजवळ गेली आणि तीनदा "नाश्ता केलास ना?" विचारून परत फिरली.

"धर्मराज," तिने पुकारलं.

तो बसून राहिला.

"ए धर्म्या, बहिरा झालास काय?" रणजीत ओरडला. हॉलमध्ये हशा फुटला.

"झालोय," धर्मराज म्हणाला आणि उठला. बॅचचा टी-शर्ट त्याच्या खांद्यांवर उसवायच्या बेतात होता. एपीएमसीत वीस वर्षं कांद्याच्या गोणी उचलून मान खांद्यात बसलेली. त्याने तळहात पुढे केला.

सरांनी छडी नुसती टेकवली.

"जोरात, सर."

सर हसले. जरा जोरात मारली.

"तेव्हा मारलं तसं."

तिसरी. चौथी. चौथीला छडी मुठीपाशी उभी चिरली. तळहातावर वळसुद्धा नव्हता. कोणी शिट्टी वाजवली नाही.

"सगळे सांगतात, मी पण सांगतो," धर्मराज म्हणाला. "रेल्वेची परीक्षा पास झालो. मेडिकलला कान बघून हाकलला. बाप म्हणला, गोणी उचलायला कान लागत नाय. थँक्यू सर."

"अरे, मी हजारो पोरांना मारलं असेल," सर पुटपुटले. "कोणाकोणाचं लक्षात ठेवू?"

"माझं नाव फळ्यावर हाय की, सर." त्याने सरांचं मनगट धरलं आणि त्यांचा हात आपल्या उजव्या कानापाशी नेला. "हा एक चालतो अजून. घ्या."

"सरांना हात लावतो भडव्या?"

रणजीत बाकड्यावरून उडी मारून आला. त्याच्यामागे अश्विन, मग आणखी पाच-सहा. टी-शर्ट गळ्यापासून फाटला. कोणीतरी पाठीत खुर्ची घातली. धर्मराज गुडघ्यावर आला तशी अश्विनने, त्या जीएमने, बुटाची लाथ बरगडीत घातली. डॉक्टर झालेली अस्मिता "सोडा रे, सोडा" म्हणत होती आणि शूटिंगही करत होती. धर्मराजने हात उचलला नाही. उचलला असता तर दोघंतिघं तिथेच आडवे झाले असते.

मग रणजीतचा पंजा, चार अंगठ्यांसकट, त्याच्या उजव्या कानावर बसला.

हा आवाज शुभदाने एकदा ऐकला होता. ती धावली. मधल्या दोघांना ढकलून त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. त्याच्या कानातून रक्त गालावर येत होतं.

"धर्मराज, तू बोलला नव्हतास. मी बोलले होते. तुझं नाव मी उगाच लिहिलं."

माइक तिच्या हातात चालूच होता. स्पीकरमधून ते हॉलच्या चारी भिंतींवर आदळलं. सगळ्यांनी ऐकलं. सरांनीही.

धर्मराज तिच्या ओठांकडे बघत होता. "काय?" तो केवढ्यांदा तरी ओरडला. "काय म्हणतेस?"

तिने पुन्हा सांगितलं. त्याने एक बोट कानाला लावलं, बोटावरचं रक्त बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

शुभदा उठली. माइक तिने बाकड्यावर टाकला आणि फळ्यापाशी गेली. साडीच्या पदराने त्याचं नाव पुसलं, खडू घेतला, आणि एकच्या पुढे लिहिलं: शुभदा. मॉनिटरचं अक्षर होतं तसंच होतं, वळणदार. मग ती बाजूला झाली, त्याला दिसावं म्हणून.

धर्मराजने वाचलं. लहान पोर वाचतं तसे त्याचे ओठ हलले.

"पुढची नावं लिही," तो म्हणाला. स्वतःचाच आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं.

शुभदाने दोन आकडा घातला आणि मागे वळून बघितलं. रणजीत रुमालाने अंगठ्या पुसत होता. बाकीचे गाड्यांच्या चाव्या शोधत होते.