'खरं बोलतो'ला उत्तर

त्या पत्राला नेमगोंडांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र म्हणजे चार ओळीच. नातीचे फोटो बघता यावेत म्हणून तिनंच काढून दिलेल्या इन्स्टाग्राम खात्यावर आलेल्या. 'तुमच्या नातीला आवरा. असलं थोबाड घेऊन रोज फोटो टाकते. उद्या ती नसली तर घरात तरी कुणाला कळेल का?' खाली नाव नाही, चेहरा नाही. 'खरं बोलतो' एवढंच.

वाचनालयात उभी हयात घालवलेला माणूस. रागाचे शब्द वाचलेले पुष्कळ, तोंडात एकही नाही. मेसेज त्यांनी घरात कुणाला दाखवलासुद्धा नाही. काय लिहावं, लिहिलेलं चुकलं तर, यातच दोन महिने गेले.

इकडं अनुराधा वाळत चालली. दहावीतली पोर, शाळा टाकून तिनं कोपरा धरला. प्रत्येक फोटोखाली तो 'खरं बोलतो' हजर. केसांखाली झाकलेला कपाळावरचा व्रणही त्यानं सोडला नव्हता. सुरुवातीला मैत्रिणी धावून आल्या, बदाम टाकले, त्याला शिव्या घातल्या. मग त्याही कंटाळल्या. बेळगावला टिळकवाडीतल्या डॉक्टरबाईंकडे दोन फेऱ्या झाल्या. तिथंही पोरीचं तोंड मिटलेलंच.

"त्याला ब्लॉक कर की गं," तिची आई पद्मावती रोज म्हणायची.

"नको. कोण काय म्हणतंय ते मला कळाय नको?"

आज क्षमावाणी. पर्युषण संपलं होतं. सकाळपासून बस्तीतून, जैन मंदिरातून परतणारी माणसं दारात हात जोडत होती, 'उत्तम क्षमा' म्हणत होती. बांधावरून बोलणं टाकलेला चुलतभाऊसुद्धा पायरी चढून आला आणि चहा पिऊन गेला.

दुपारी अनुराधा आजोबांजवळ येऊन बसली. किती दिवसांनी, तेही आपणहून.

"आप्पा, झाली सगळ्यांस्नी क्षमा करून?"

"झाली की. भावकीला केली. तुझ्या आईला तर दोनदा. सकाळच्या चहात साखरच न्हवती."

ती हसली नाही. "आणि त्याला? तुम्हाला मेसेज केलता, त्याला?"

नेमगोंडांचा चेहरा उतरला. "त्याला न्हाय."

"आज सगळ्यांस्नी करायची असती. तुम्हीच शिकवलंय."

"माझ्या लेकराला गिळाय बसलाय त्यो. त्याला कसली क्षमा?"

"त्याचं पण काहीतरी दुखत असंल की, आप्पा."

"बघ! असल्याचीबी तुला माया. थांब, आत्ताच्या आत्ता उत्तर देतो त्याला."

"द्या," अनुराधा म्हणाली. "काय वाटतंय ते लिवा."

एवढ्या मऊ पोरीच्या मागं कुणी लागावं! नेमगोंडांनी मोबाइल जवळ ओढला. जन्मभर भिऊन गप्प बसलो, आता नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि एकेक अक्षर दाबत लिहिलं, 'तुला क्षमा नाही. तुझ्यासारखं माणूस जन्मालाच यायला नको होतं.'

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी लिहिलेलं काही खोडलं नाही. पाठवून दिलं.

अनुराधाच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला. तिनं तो उचलला, आप्पांनी आत्ता लिहिलेलं सावकाश वाचलं.

"बरोबर लिवलंय, आप्पा," ती म्हणाली.