दोन टोपल्यांमधला इगाल

गाढव अश्शूरच्या शिपायांनी नेलं, म्हणून इगालने कावड आपल्या खांद्यावर घेतली. एका टोपलीत म्हातारी आई, अटारा. दुसरीत चार वर्षांची लेक, केसिया. इज्रेलच्या खोऱ्यातलं सगळं गाव उत्तरेला हाकललं जात होतं आणि त्या रांगेत इगाल सारखा मागे पडत होता. मागे पडणाऱ्यांचं शेवटचे भालेकरी काय करतात, ते सकाळपासून सगळ्यांनी पाहिलं होतं.

अटाराचं तोंड मात्र चालूच. मरताना आपल्या मूळपुरुषाने, याकोबबाबांनी, बारा पोरांना आशीर्वाद वाटले. यहूदाला सिंह म्हणाले, नफतालीला हरिणी, बन्यामिनाला लांडगा; आणि ज्याच्या वंशातले आम्ही, त्या इस्साखारला काय, तर दोन ओझ्यांमध्ये बसलेलं दणकट गाढव. शेजारच्या वंशांनी त्यावरून पिढ्यानपिढ्या फिदीफिदी हसून घेतलं. आता या म्हणावं आणि बघा, म्हाताऱ्याचा शब्द कसा तंतोतंत उतरलाय.

शिवेवरच्या अंजिराशी इगालचे गुडघे वाकले. कावड खाली टेकली. तो दोन टोपल्यांच्या मधोमध बसला, तो उठेचना.

हे अंजीर म्हणजे अटाराच्या सासूची काठी. सासूने ती एकदा इथे रोवली, ओढ्यावर पाणी प्यायला गेली, परत येते तो काठीला पानं. जमीनच तशी आमची, असं अटारा शपथेवर सांगे. गावात हे कुणी खरं मानत नव्हतं, पण अंजिरं सगळे खात.

ती टोपलीतून उतरली. बुंध्याला एकदा हात लावला आणि शेताच्या कडेची काळी ढेकळं उचलून आपल्या टोपलीत भरू लागली.

हे काय चाललंय, म्हणून इगालने विचारलं. एका बाजूला पोर आणि दुसऱ्या बाजूला रिकामी टोपली, अशी कावड उलटणार एवढंही कळत नाही का, असं तिनेच त्याला विचारलं. तो तिचा हात धरायला गेला, तर तिने मातीच्या हाताने त्याला फटका दिला. तुला सोडून मी जायचा नाही, असं त्याला म्हणायचं होतं. पण नजर केसियाकडे गेली आणि त्याने हात मागे घेतला.

मागच्या धुळीत भाल्यांची पाती चमकू लागली.

"उचलून बघ," अटारा म्हणाली.

त्याने उचलली. कावड कुठेच कलली नाही.

"माझ्याहून हलकी आहे ना? आणि बडबडही करत नाही."

"आई."

"आशीर्वाद तू अर्धाच ऐकलास रे. पुढे म्हातारा म्हणाला होता, की त्या गाढवाने पाहिलं, विसावा चांगला आहे आणि भूमी देखणी आहे." अंजिराला पाठ लावून ती बसली, शेतांकडे तोंड करून. "मी बघत बसते. तू चल, गाढवा."

इगाल चालू लागला. मान खाली, पाय भराभर. गावची माणसं गाठली तरी तो थांबला नाही, आणि वळला तर नाहीच.

टोपलीची वीण जुनी होती. पावलागणिक तिच्यातून माती गळत होती आणि त्यांच्यामागे, थेट अंजिरापासून, रस्त्यावर एक बारीक काळी रेघ ओढली जात होती. केसियाने टोपलीबाहेर वाकून ती पाहिली.

"बाबा," ती म्हणाली, "आजी येतेय मागनं."