एक, एक, एक

"हे एक, एक, एक कुणी पुसलं?" ॲन्सेल्मनं जरा चढ्या आवाजात विचारलं.

"मी पुसलं, सर," मनाली म्हणाली. "आकडे कुठून आले ते कुठेच सापडेना."

ऑफिसात सहा महिन्यांपूर्वी लागलेली ही ट्रेनी शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन त्याच्या सांडोर गावातल्या घरी आली होती. रिसॉर्टमध्ये माणसांना बसवून गरगर फिरवणारी मोठी लोखंडी बशी असते, तिची कॉम्प्युटरवरची चाचणी अडली होती. पडद्यावर लाल ओळ आली होती : रिजिड बॉडीला जडत्व नाही. बशी चार टनांची, हे सॉफ्टवेअरला ठाऊक होतं. पण ती फिरती बशी थांबवायला किती जड जाईल, तो खरा आकडा कुणी दिलाच नव्हता.

ॲन्सेल्मकडे यावर बावीस वर्षांचा रामबाण उपाय होता. जडत्वाच्या तिन्ही रकान्यांत 'एक' भरून टाकायचा. रडणाऱ्या पोराला चोखणी मिळावी तशी ती लाल ओळ गप्प व्हायची. बहुतेक यंत्रांत तो भाग फिरतच नसे, त्यामुळे कधी काही बिघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची राहिली.

"मग खरा आकडा किती?" त्यानं मास्तरांच्या थाटात विचारलं.

"अठरा हजार. दोनदा काढून बघितला, सर." तिनं तो भरला आणि चाचणी सुरू केली. थोड्या वेळानं बशीला ब्रेक लागला आणि ब्रेकचे चारही बोल्ट पडद्यावर लालभडक झाले.

"बोल्ट वाढवू," तो घाईनं म्हणाला. "नवीन बशी आहे, अजून बनायचीय."

"सर, ही जुन्या बशीचीच फाइल आहे. मी फक्त नाव बदललं होतं."

जुनी बशी त्यानंच पास केली होती आणि ती दोन वर्षं रिसॉर्टमध्ये फिरत होती. ॲन्सेल्मला लाज वाटली. आणि त्याहून मोठी लाज याची वाटली, की पहिला विचार मनात आला तो बोल्टचा नव्हता. ही पोरगी ऑफिसात कुणाला सांगेल का, हा होता.

तेवढ्यात त्याची बायको प्रिस्का चहा घेऊन आली. "तुझ्या सरांनी पास केलेली बशी बघितलीस की नाही?" तिनं मनालीला विचारलं. "उद्या मिस्सा झाली की धर्मशिक्षणाच्या पोरांना तिथेच सहलीला नेतोय. फादर विचारत होते, धोका नाही ना? मी म्हटलं, आमच्या यांनी तपासलीय, डोळे मिटून बसवा पोरांना."

मनालीनं हळूच लॅपटॉपचं झाकण खाली केलं. प्रिस्काला काही दिसू नये म्हणून. मनालीनं चार शब्द सुनावले असते तर ॲन्सेल्मला बरं वाटलं असतं.

तो फोन घेऊन खिडकीशी गेला. मालकाला लावायचं धाडस होईना, म्हणून त्यानं रिसॉर्टच्या बुकिंगचा नंबर लावला. एका मुलीनं उचलला.

"ती फिरणारी बशी आजपासून बंद ठेवा," तो दबक्या आवाजात म्हणाला. "तिच्या ब्रेकचे बोल्ट कमजोर आहेत."

"कोण बोलताय?"

"मी... एक हितचिंतक समजा."

"अहो काका, उगाच घाबरवू नका. मोठ्या इंजिनियरनी तपासलीय ती, ॲन्सेल्म सरांनी. खात्री नसेल तर त्यांनाच विचारा. नंबर देऊ त्यांचा?"

त्यानं वळून बघितलं. प्रिस्का चहाचा कप हातात धरून त्याच्याकडेच बघत होती.

"नको," तो प्रिस्कालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "ॲन्सेल्मच बोलतोय."