फलकावरची बाई

"ब्रोन्या, खाली उतरू नकोस!" फाटकावरचा म्हातारा पीट ओरडला. "आपल्या कॅझला मारणारा आलाय. शिडी काढून घेऊ का?"

ब्रोन्या दुदेक धावफलकामागच्या फळीवर उभी राहून पत्र्याचे आकडे उतरवत होती. तिने वाकून पाहिलं. शिडीच्या पायथ्याशी एक वाळलेला माणूस टोपी हातात धरून उभा होता.

"शिडी राहू दे, पीट," ती म्हणाली. "तू जा, कॉफी पी."

मॅकेल्डन म्यूल्सचं मैदान सोमवारी पाडायचं होतं. खाणीतल्या खेचरांचं नाव घेतलेली ही बेसबॉलची टीम खाणींच्या जिवावर जगली. आधी खाणी बंद पडल्या, मग दुकानं, मग पोरं गाव सोडून गेली. टीमने एवढा दम धरला याचंच नवल. लीग अगदी खालची. बस खटारा, दिवे मिणमिणते. तिकिटं फाडायला, आकडे टांगायला पगारी माणसं ठेवायची ऐपत नव्हती, ती कामं खेळाडूंच्या बायका करत. तरीही म्यूल्स घरच्या मैदानावर सहसा हरत नसत. का हरत नसत, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण परक्यापुढे कुणी ब्र काढत नसे.

धावफलक मैदानाच्या पार टोकाला, बरोबर फलंदाजाच्या समोर. त्यात एक जास्तीचं चौकोनी भोक होतं. पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, कोणता चेंडू टाकायचा ते फलंदाजाच्या मागे बसलेला त्याचाच कॅचर बोटांनी सांगतो. फलकात बसलेलं माणूस दुर्बिणीतून ती बोटं वाचे. भोक झाकलेलं असलं की चेंडू सरळ, वेगाचा. उघडं असलं की वळणारा. वळणारा चेंडू आधी डोक्यावर चाल करून येतो आणि ऐन वेळी बाहेर जातो. तो येणार हे माहीत असलं की फलंदाजाने हलायचं नाही, थांबायचं आणि हाणायचा. चोरीच होती ती. पण आजूबाजूची सगळीच गावं करत, मग मॅकेल्डननेच काय घोडं मारलं होतं?

कॅझ दुदेकने या चोरीचं सोनं केलं. भोकाकडे एक नजर टाकायचा आणि चेंडू कुंपणापार. मैदानावर हसरा, गुत्त्यात दिलदार, गावाच्या गळ्यातला ताईत. वरच्या लीगचं बोलावणं आलं. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन तो दूरच्या शहरात जाणार होता. त्याआधीच चेंडू कानशिलावर बसला आणि तो गेला. तेव्हा डोक्यावर नुसती कापडी टोपी असे.

त्यानंतर प्रत्येक सामन्याला त्याचा शर्ट खेळाडूंच्या बाकामागे टांगला गेला. फलकाचं काम गावाने त्याच्या विधवेकडेच जन्मभर ठेवलं. तिने दुसरं लग्न केलं नाही. भर ऑगस्टच्या उकाड्यातही ती मनगटापर्यंतच्या बाह्यांचाच सदरा घाली. गाव म्हणे, दुःख पाळते बिचारी. असंही म्हणे की बाईचा हात पक्का, फलकावर एक आकडा कधी चुकला नाही.

पाहुणा धापा टाकत वर आला आणि फळीवर बसला.

"मी ऑरिन टॅस्कर."

"ओळखलं. हडकलास रे."

"डॉक्टर म्हणतात, हा हिवाळा काही निघायचा नाही. म्हटलं, त्याआधी तुम्हाला भेटावं." त्याची बोटं टोपीच्या कडेवरून फिरत होती. "बाई, आमच्या कॅचरने अंगठा दाखवला होता. अंगठा म्हणजे डोक्यावर टाक, घाबरव त्याला. पोरसवदा होतो मी, सांगितलं ते केलं. पण सगळे वाकतात हो! त्या चेंडूने कुणी मरत नाही. तुमचा नवरा हललाच नाही. हसत उभा राहिला. का हलला नाही तो?"

ब्रोन्याने आणखी एक आकडा उतरवून फळीवर ठेवला.

"पुन्हा चेंडू हातात धरला नाही मी. लग्न केलं नाही. खुन्याला कोण मुलगी देणार? तुम्ही धावत आलात तेही आठवतं मला. लांबून, अख्खं मैदान तुडवत. त्याचं डोकं मांडीवर घेतलंत. रडला मात्र नाहीत."

"नाही रडले," ती म्हणाली.

ऑरिनने डोळे पुसले आणि मान वर केली. खिळ्याला टांगलेली दुर्बीण त्याला दिसली. मग भोक दिसलं, त्यावरचं सरकतं झाकण दिसलं. तो एकदम हसला.

"चोरांनो! आम्हाला संशय होताच."

"तुम्ही काय साधुसंत होतात?"

"छे हो! आमचा माणूस पाण्याच्या टाकीवर बसायचा." हसता हसता तो थांबला. "म्हणजे आमचा अंगठा इथून दिसला असणार. अंगठा दिसला की काय करायचात?"

"झाकण दोनदा हलवायचं. म्हणजे खाली पड."

"मग त्या दिवशी नाही हलवलं?"

"नाही. नुसतं उघडं ठेवलं होतं."

ऑरिनला ते उमगायला जरा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तो चेंडू वळायची वाट बघत होता," तो पुटपुटला. "अरे देवा. इथे कुणाच्या तरी हातून चूक झाली आणि मी जन्मभर... कोण बसलं होतं इथे, बाई?"

ब्रोन्याने डावी बाही कोपरापर्यंत वर सरकवली. मनगटावरचं हाड दोन ठिकाणी वाकडं सांधलेलं होतं. वर सिगारेटच्या चटक्यांचे जुने, गोल डाग होते. त्याच हाताने तिने झाकण सरकवून भोक उघडलं. दूरवर, फलंदाज उभा राहायचा तिथे गवत माजलं होतं.

"तू घरी जा, पोरा," ती म्हणाली. "तुझ्या हातून काही झालेलं नाही."

"पण ती चूक—"

"चूक?" ब्रोन्या म्हणाली. "या फलकावर माझी एकही चूक झालेली नाही."