वर्ग केलेली तक्रार

सुप्याजवळच्या माळावरचा वणवा विझून आठवडा झाला होता, पण भानुदासआबांची तक्रार काही विझत नव्हती.

"ताई, भिंतीत अजून तडतडतंय. नातवंडं घरात पाय ठेवंनात. किती दिस उघड्यावर झोपवायचं त्यास्नी?"

बारामतीच्या मदतकेंद्रात स्वरूपाने कपाळाला हात लावला. केंद्राची माणसं दोनदा जाऊन भिंत चाचपून आली होती. भिंत गार होती. तडतड मात्र फोनवर तिलाही स्वच्छ ऐकू येत होती.

"आबा, एकदा मिटलं म्हणा ना!"

"मिटलं न्हाय, तर कसं म्हनू?"

तक्रारदार स्वतःच्या तोंडाने 'मिटलं' म्हणेपर्यंत तक्रार बंद करायची नाही, असा केंद्राचा नियम. दुसरी वाट एकच, ती दुसऱ्या कार्यालयाकडे वर्ग करायची. तालुक्यातली सगळी कार्यालयं फिरून आबांची तक्रार परत आली होती. शेवटी वैतागून स्वरूपाने ती आपल्याच केंद्राकडे वर्ग केली.

फोनमधली तडतड थांबली.

"थांबलं बघा!" आबा हरखले. "पोरांनो, चला घरात! ताई, लई उपकार झालं."

चला, एक तरी तक्रार मार्गी लागली, म्हणत स्वरूपाने हेडफोन काढला आणि पाठीमागच्या भिंतीला निवांत टेकली.

भिंत तापली होती.