जावयाचं पेट्रोल

"सरका, सरका! शंभर ऑक्टेन आणलंय!" हितेशने बुलेटवरून कॅन असा उतरवला, जणू काशीची गंगाच.

जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात सकाळपासून लाइट नव्हती. सोळा गणपतींना रंगाचा शेवटचा फवारा मारायचा बाकी, आणि फवाऱ्याचं छोटं इंजिन दोरी ओढून ओढून नुसतं खोकत होतं. दारात रोह्याचा टेम्पो. "बारापर्यंत थांबतो, मग शेजारच्यांचा माल भरतो," ड्रायव्हरने कारखानदार कमळाकरला बजावलं होतं.

"भावजी, टाकीवर लिहिलंय, साधं पेट्रोल," नमिता म्हणाली. कमळाकरची धाकटी, दहावीतली. "ऑक्टेन म्हणजे ताकद नाय. पेट्रोल दाब किती सोसतं, तेवढंच. या एवढुशा इंजिनात दाब कुठाय?"

"तू तुझी बीजगणितं सोडव," म्हणत हितेशने टाकीत ओतलंसुद्धा. "बदाम-पिस्ते चारले की पळतंय बघ."

कमळाकरने मान डोलावली. जावयाला नाय म्हणायची या घरात पद्धत नव्हती. जावई उशिरा आला तर घड्याळ पुढे असायचं.

दोरी ओढली. खोक. पुन्हा ओढली. खोक. अकरा चाळीस झाले.

वर्षातून एकदा, हंगामात बाहेर काढायचं इंजिन, आणि गेल्या वर्षीचं पेट्रोल पोटात तसंच! ते आटून चिकटतं, हे यांना काय गणपतीच्या उंदराने येऊन सांगायचं? नमिताने पाना उचलला. टाकी हितेशच्याच कॅनमध्ये रिकामी केली, कार्बुरेटरची वाटी सोडवली. तळाशी काकवीसारखा चिकटा. तो पुसला, बारीक भोकातून तार फिरवली आणि आईच्या स्कूटीतलं साधं पेट्रोल ओतलं.

दुसऱ्या ओढीला इंजिन धडधडलं आणि गणपतींवर फवारा सुरू झाला.

"बघा!" हितेशने छाती काढली. "शंभर ऑक्टेनने आतली घाण कशी सोडवली!"

"व्हय व्हय, जावईबापूंचं पेट्रोलच तसं," कमळाकर म्हणाला.

कोपऱ्यात कामाला असलेली धोंडुबाई ऑइलपेंटने कडक झालेले ब्रश गोळा करत होती. नमिताने ते सगळे तिच्याकडून घेतले, लांब अंगणात कॅन ठेवला आणि शेजारी रीतसर पाट मांडला.

"या भावजी, बसा. घाण सोडवतं ना? मग एवढे ब्रश धुवून द्या."

टेम्पोवाला फिसकन हसला. कमळाकरने घाईघाईने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

हितेश पाटावर बसला आणि पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडू लागला.